आम्ही, आपण आणि सतरा वर्षांखालील मुले

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. समोरच्याला बाहेर ठेवायचे तर ‘आम्ही’ म्हणायचे, आत घ्यायचे तर ‘आपण’. ‘आम्ही जेवायला चाललो’ हा ऐकणाऱ्याला निरोप असतो, ‘आपण जेवायला जाऊ’ हे निमंत्रण असते. संस्कृतातल्या ‘वयम्’ला हा भेद ठाऊक नाही, हिंदीतल्या ‘हम’ला नाही, इंग्रजीतल्या ‘वुई’ला तर नाहीच. द्राविडी भाषांत तो पूर्वापार आहे आणि त्यांच्या सहवासातूनच तो मराठीत आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी साहित्य शिकवण्यात आमची बरीच वर्षे गेली. इंग्रजी उताऱ्याचे भाषांतर करताना एखादा विद्यार्थी ‘वुई’पाशी अडखळला, की आम्हांला बरे वाटते. जो अडखळत नाही त्याने उतारा वाचलेला नसतो, असा आमचा अनुभव आहे.

खेळाच्या बोलण्यात हा भेद कोणी विचार करून पाळत नाही, आणि म्हणूनच तो तेथे अधिक स्पष्ट दिसतो. क्रिकेटचा सामना भारताने जिंकला, की एसटी स्थानकावर ‘आपण जिंकलो’ असे ऐकू येते. मैदानावरच्या अकरा जणांपैकी एकही बोलणाऱ्याला ओळखत नाही, हे त्या ‘आपण’च्या आड येत नाही. उलट गावच्या कबड्डी संघातला मुलगा ढाल घेऊन परत येतो तेव्हा तो ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो, कारण तो खेळलेला असतो आणि ऐकणारा खेळलेला नसतो. खेळणाऱ्याचे ‘आम्ही’ आणि पाहणाऱ्याचे ‘आपण’. पाहणारा खेळणाऱ्यांच्या पंगतीत न विचारता जाऊन बसतो. ही पंगत कोणासाठी मांडली जाते आणि कोणाच्या बाबतीत मोडते, हे पाहण्याची संधी आम्हांला २०१७च्या ऑक्टोबरात मिळाली.

त्या महिन्यात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारतीय संघ प्रत्यक्ष मैदानावर उतरला तो तेव्हा पहिल्यांदाच, आणि तोही यजमान म्हणून. पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती. मुलांचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून १-२, १२ ऑक्टोबरला घानाकडून ०-४. आकड्यांत सांगायचे तर गोष्ट एवढीच आहे.

ऑक्टोबर हा आमच्याकडे सोयाबीन काढण्याचा महिना. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ३,०५० रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावल्याच्या बातम्या त्याच आठवड्यांत येत होत्या. त्यातच राज्यभर भारनियमन सुरू झाले होते. अशा दिवसांत फुटबॉल कोण पाहणार? तरी ९ तारखेच्या रात्री स्थानकासमोरच्या हॉटेलातल्या टीव्हीपुढे दहा-बारा माणसे होती. त्यांतली निम्मी मालाच्या गाडीची वाट पाहणारी.

‘कोनचे पोट्टे हायेत हे?’ एका वृद्धाने विचारले.

‘आपलेच न, बाप्पा. इंडियाचे.’

‘इंडियाचे त हायेत. पन कोन गावचे?’

या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नव्हते. एकवीस जणांच्या त्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती. कर्णधार अमरजित सिंग कियाम तिथला, गोलरक्षक धीरज मोइरांगथेम तिथला, आणि ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर उंच उडी घेऊन ज्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला तो जॅकसन सिंगही तिथलाच. तो कर्णधाराचा चुलतभाऊ. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. हॉटेलात ‘आपन मारला! आपन मारला!’ असा गलका झाला. ज्यांना जॅकसनचे नाव उच्चारता येत नव्हते तेही ओरडत होते, आणि गाडीची वाट पाहणारे खुर्च्या सोडून उभे राहिले होते. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाने दुसरा गोल केला. सामना संपला तेव्हा तोच गलका करणारा तरुण पैसे चुकते करीत म्हणाला, ‘हारले न शेवटी पोट्टे.’ गोल ‘आपण’ केला आणि हरले मात्र ‘पोट्टे’. अवघ्या दहा-बारा मिनिटांत सर्वनाम बदलले. व्याकरणाच्या पुस्तकात याला नियम नाही. आम्ही मात्र त्यानंतर कोणताही सामना पाहताना लोकांच्या तोंडातल्या सर्वनामाकडे कान ठेवून असतो.

दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत त्या वृद्धाला हवे होते तसे गाव सापडले, पण ते नांदगावच्या उपयोगाचे नव्हते. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरला फुटबॉलची परंपरा आहे आणि ती तालमींची आहे, ही गोष्ट वऱ्हाडात फार थोड्यांना ठाऊक असते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम अशी कुस्तीच्या आखाड्यांची नावे घेऊन तिथले फुटबॉल संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि पेठापेठांत त्यावरून वैरे आणि सोयरिकी चालतात. अनिकेतच्या बाबतीत कोल्हापूरकराला ‘आपला’ शोधावा लागत नाही. आम्हांला मात्र कोल्हापूर भोपाळहून दूर आहे. १९५३चा नागपूर करार, १९५६चे द्विभाषिक, १९६०चे राज्य, अशा टप्प्यांनी ज्यांचे ‘महाराष्ट्रीय’ असणे ठरले त्या वऱ्हाडातल्या माणसाने कोल्हापूरच्या मुलाला आपले म्हणताना मध्ये एक श्वास घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही. तरी तो म्हणतो. भाषा एक आहे, एवढे कारण त्याला पुरते.

भाषेचे कारण आणखी एका मुलाला लागू पडायला हवे होते. नमित देशपांडे त्या संघात बचावपटू होता आणि तो अमेरिकेत वाढला होता. नाव मराठी, वळण अमेरिकी, पारपत्र भारतीय. यांतली शेवटची गोष्ट नसती तर पहिल्या दोहोंचा काही उपयोग नव्हता. २००८पासून भारताच्या कोणत्याही राष्ट्रीय संघात भारतीय नागरिकालाच खेळता येते, मूळ भारतीय वंशाचे असणे पुरत नाही. त्याची आम्हांला गंमत वाटली ती अशी, की पहिल्याच सामन्यात त्या मुलाचा संघ अमेरिकेशी खेळणार होता. त्याच्या शाळेतली मुले त्या रात्री काय म्हणत असतील? त्यांच्या इंग्रजीत ‘वुई’ एकच. तो त्यांच्यात आहे की नाही, हे त्या शब्दातून कळणार नाही. मराठीत कळले असते.

येथे आम्ही कॅरिबियन बेटांकडे वळतो, कारण ‘आम्ही कोण’ हा प्रश्न खेळाच्या मैदानावर त्यांनी जितक्या उघडपणे सोडवला आणि सोडवता सोडवता अर्ध्यावर टाकला, तितका इतर कोणी नाही. साहित्याच्या वर्गात आम्ही नायपॉल, वॉलकॉट, सॅम्युअल सेल्व्हन यांची नावे घेतो, पण सी. एल. आर. जेम्स यांचे ‘बियाँड अ बाउंडरी’ (१९६३) मुलांच्या हाती देत नाही. ते क्रिकेटचे पुस्तक आहे म्हणून. वास्तविक वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही. त्या बेटांचे संघराज्य १९५८ साली झाले आणि १९६२ साली मोडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात जमैका आणि त्रिनिदाद वेगवेगळे स्वतंत्र झाले. राज्य मोडले, क्रिकेटचा संघ मात्र राहिला. २०१६च्या फेब्रुवारीत मीरपूरला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ज्या संघाने भारताला १४५ धावांत गुंडाळून पाच गडी राखून हरवले, त्याचा कर्णधार शिमरॉन हेटमायर गयानाचा, गोलंदाज अल्झारी जोसेफ अँटिग्वाचा आणि नाबाद ५२ धावा करून सामना काढणारा कीसी कार्टी सिंट मार्टेनचा. तो सामना नांदगावात पुष्कळांनी पाहिला होता आणि ‘आपण हरलो’ असेच तेव्हा म्हटले गेले होते. राहुल द्रविड प्रशिक्षक असलेल्या संघाबद्दल ‘पोट्टे हारले’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

फुटबॉलच्या मैदानावर मात्र हेच लोक एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. प्रत्येक बेटाचा संघ वेगळा, झेंडा वेगळा. मॉन्टसेराटची लोकसंख्या पाच हजारांच्या आत आहे, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, आणि त्याला फिफाचे सदस्यत्व आहे. कीसी कार्टीच्या सिंट मार्टेनला ते नाही. क्यूबा, जमैका, हैती आणि त्रिनिदाद यांच्या सतरा वर्षांखालील संघांनी वेगवेगळ्या वर्षी आपापल्या नावाने विश्वचषक खेळून घेतला. दीड लाख वस्तीचा क्युरासाओ २०२५ साली मोठ्यांच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. अमरावती शहराची वस्ती २०११च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या जवळ होती. त्या संघातली बहुतेक मुले नेदरलँड्समध्ये जन्मलेली आहेत, हे सांगितले की आमचे विद्यार्थी लगेच विचारतात, ‘मग तो संघ क्युरासाओचा कसा?’ नमित देशपांडेच्या वेळी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

यजमान देशाच्या मुलांची गोष्ट आमच्याआधी सोळा वर्षे त्रिनिदादमध्ये घडून गेली होती. २००१च्या सप्टेंबरात ही सतरा वर्षांखालील स्पर्धा त्या छोट्या देशाने भरवली. तिच्यासाठी चार नवी मैदाने बांधली गेली आणि त्यांना खेळाडूंची नावे दिली गेली. कुव्हाच्या मैदानाला धावपटू अ‍ॅटो बोल्डनचे, टोबॅगो बेटावरच्या मैदानाला फुटबॉलपटू ड्वाइट यॉर्कचे, अरिमाजवळच्या मैदानाला लॅरी गोम्सचे. हे लॅरी गोम्स म्हणजे १९८३च्या लॉर्ड्‌सवरच्या अंतिम सामन्यातले वेस्ट इंडीजचे डावरे फलंदाज. आमच्या वयाच्या माणसाला त्यांची ओळख करून द्यायला नको. चौथे मैदान मॅनी रामजॉन यांच्या नावाचे. ते लांब पल्ल्याचे धावपटू होते आणि आडनावातला राम सांगतो त्याप्रमाणे भारतीय वंशाचे होते. १८४५च्या मे महिन्यात ‘फतेल रझाक’ हे गलबत पहिले मजूर घेऊन त्रिनिदादला लागले, तेव्हापासून आज त्या देशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत. कुव्हा आणि चगुआनास हा त्यांचा उसाचा मुलूख, नायपॉल तिथलेच. याच लोकांच्या वाडवडिलांनी १९७१ आणि १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानात गावसकरांच्या भारतीय संघाच्या बाजूने टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याबद्दल शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली होती. स्वतःच्या देशाचा संघ समोर असताना दुसऱ्या देशाच्या संघाला ‘आपण’ म्हणणे, ही गोष्ट सोपी नाही. ती चूक होती असेही आम्हांला म्हणवत नाही. मळ्यातल्या बराकीत ज्याला तीन पिढ्या ‘कुली’ म्हटले गेले, त्याने आपली पंगत समुद्रापलीकडे शोधली.

२००१च्या स्पर्धेत त्रिनिदादचा संघ पहिल्या फेरीपुढे गेला नाही. त्या सगळ्या सोहळ्यामागे असलेले फुटबॉल पुढारी जॅक वॉर्नर यांना २०१५ साली फिफाने तहहयात बंदी घातली. मैदाने राहिली. कुव्हाच्या मैदानात, उसाच्या मुलखात, काळ्या आणि भारतीय मुलांचे सामने होत राहिले. त्यांच्या बोलीत तर ‘वुई’ हा एकच शब्द कर्त्यालाही चालतो, कर्मालाही चालतो आणि षष्ठीलाही चालतो. सेल्व्हनच्या लंडनमध्ये भटकणारी माणसे अशीच बोलतात. आम्ही, आम्हांला, आमचे, आपण, आपले, सगळे त्या एका अक्षरात. आमच्याजवळ शब्द अधिक आहेत, म्हणून आमचे काम सोपे झाले असे मात्र नाही.

ते किती अवघड आहे, हे त्याच जॅकसन सिंगने दाखवून दिले. २०२३च्या मे महिन्यात मणिपूर पेटले. मैतेई आणि कुकी अशी गावेच्या गावे वेगळी झाली, माणसे मारली गेली, हजारो छावण्यांत गेली. ४ जुलैला बंगळुरूत भारताने कुवेतला हरवून दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली आणि पदक घेताना जॅकसनने अंगावर सात रंगांचा झेंडा घेतला होता. तो मैतेईंचा झेंडा होता. लगेच टीकेची झोड उठली. कोणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या, आपल्या राज्यात काय चालले आहे तिकडे लक्ष जावे एवढाच हेतू होता, असा खुलासा त्याने केला. सहा वर्षांपूर्वी ज्याच्या उडीबरोबर नांदगावच्या हॉटेलात खुर्च्या सरकल्या होत्या तो हाच मुलगा, हे आमच्या आसपास कोणाला आठवले नाही. त्याचा झेंडा योग्य होता की नव्हता, यावर आमच्यात आजही एकमत नाही. आमच्यापैकी एकाला वाटते, की राष्ट्रीय संघाच्या पोशाखावर दुसरे काही घेणे म्हणजे त्या संघातल्या कुकी मित्राला बाहेर ढकलणे. तेथे ‘आपण’चे ‘आम्ही’ झाले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की दोन महिने घरे जळत असताना दिल्लीपासून नांदगावपर्यंत एकानेही ‘आपण जळतो आहोत’ असे म्हटले नव्हते; मग गोलच्या वेळचे ‘आपण’ कोणत्या तोंडाने? वाद मिटला नाही, आणि मिटला नाही हे बरेच झाले. वर्गात तो आम्ही दोन्ही बाजूंनी मांडतो. मुले ऐकून घेतात, मग एखादा हळूच विचारतो, ‘सर, हे परीक्षेत येते का?’ असो.

आता थोडे आमच्या मैदानाविषयी. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम केला होता. शाळाशाळांत फुटबॉल पोचले. वऱ्हाडात सप्टेंबर म्हणजे काळ्या मातीचा चिखल. चेंडू पायाने मारायचा तर तो आधी हाताने उपटावा लागतो. पावसाळ्यात ही माती चिकटते आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती सोन्यासारखी, फुटबॉलला वैऱ्यासारखी. मुरूम टाकून दाबलेले मैदान असेल तरच खेळ होतो, आणि त्यावर पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघतात. म्हणून आमच्या भागाने जे खेळ धरले ते कमी जागेचे आणि मातीशी जुळवून घेणारे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचे पथक आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. नांदगाव खंडेश्वरात धनुर्विद्या रुजली. खंडेश्वराच्या हेमाडपंती देवळाच्या गावात मुलेमुली धनुष्ये घेऊन सायकलवरून जाताना दिसतात, आणि त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. तिरंदाजीत प्रत्येकाचे गुण वेगळे मोजले जातात. तरी परगावी जाऊन आलेली मुले ‘आम्ही’ म्हणतात, हे आम्ही ऐकले आहे.

आलेल्या फुटबॉलांचे काय झाले? एका शाळेत ते कपाटात गेले आणि त्यांतली हवा गेली, असे आम्ही पाहिले. दुसऱ्या एका शाळेतला चेंडू मुलींनी उचलला. मुलांना क्रिकेट होते, म्हणून तो रिकामा पडला होता. त्या मुली दुपारच्या सुट्टीत ओढण्या कमरेला बांधून खेळत. नियम त्यांनी मोबाइलवर पाहिलेले. ऑफसाइड कोणालाच कळत नव्हते, म्हणून एकमताने ते रद्द केले गेले. त्यांच्यातल्या काही पुढे आमच्याकडे पदवीला आल्या.

२०२२च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला. त्याआधी ऑगस्टात फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले होते आणि स्पर्धा हातची जाते की काय अशी वेळ आली होती. अकरा दिवसांनी निलंबन उठले. भारतीय मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. कर्णधार अस्तम ओराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावाकडे तिच्या सन्मानार्थ रस्ता होत होता आणि त्या रस्त्यावर तिचेच आईवडील रोजंदारीने काम करीत होते, हे वृत्तपत्रांनी छापले. हॉटेलातल्या टीव्हीवर ते सामने लागले नाहीत. त्या मुलींनी ते फोनवर पाहिले. आठवा गोल झाला तेव्हा आमच्यापैकी एकाने, समजूत घालावी म्हणून, ‘जाऊ द्या, पोरी लहान आहेत’ असे म्हटले. त्यावर एक जण मान वर न करता म्हणाली, ‘आपन लहान नाई, सर. आपल्याले मैदान नाई.’

आम्ही त्या ‘आपन’चा अर्थ लावीत बसलो. वऱ्हाडीत ‘आपन’ म्हणजे कधी मी, कधी तू, कधी आपण सगळे. तिच्या त्या वाक्यात गुमल्याची अस्तम होती, ती स्वतः होती, बहुधा आम्हीही होतो. विचारावे असे वाटले, पण सामना चालू होता आणि तिला तो पाहायचा होता.

यंदा त्या शाळेच्या मागच्या पडीक जागेवर मुरूम पडला आहे. चार ट्रॉल्या पडल्या, आणखी सहा लागतील असे सांगतात. सोयाबीन निघाल्यावर ट्रॅक्टर मोकळे होतात, म्हणून उरलेले काम दिवाळीनंतर.